डोंगरातले तित्तर, कुंपणातले तित्तर

आण्णा,

गेल्या रविवारी मी जोतिबाच्या डोंगराखालच्या आपल्या माळावर जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून तिकडं पाय वळला नव्हता. जोतिबाला गेले तरी गाडीनं वर जायचं, दर्शन घ्यायचं आणि केसातला गुलाल झटकत खाली यायचं, एवढंच. या वेळी सोबत कॉलेजची मुलं होती. मी आता राजारामपुरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तुम्ही होता तेव्हा मी नुसती शिकत होते, त्यामुळे मी शिकवताना कशी दिसते हे तुम्हाला माहीत नाही. हातवारे फार करते, असं मुलं म्हणतात. ते तुमच्याकडनं आलंय.

मुलांना मी तुमचा तित्तर सांगितला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पिंजरा, स्कूटरवर तुमच्या मागं पिंजरा मांडीवर धरून बसलेली मी, आणि उजाडायच्या सुमारास वडणगे ओलांडताना उसाच्या फडातनं येणारा तो गार वारा. तुम्ही बावड्याच्या साखर कारखान्यात फिटर. गळिताचा हंगाम सुरू असला की तुमच्या कपड्यांना मळीचा वास यायचा आणि आई ते कपडे वेगळे धुवायची. हंगाम संपला की तुमचे रविवार मोकळे, आणि मोकळा रविवार म्हणजे माळ. तुम्हाला मुलगा नव्हता म्हणून तुम्ही मला न्यायचात, असं गल्लीत सगळे म्हणायचे. तुम्ही मात्र तसं कधी म्हणाला नाहीत. "येतीस काय?" एवढंच विचारायचात, आणि मी "येतो की" म्हणायची. आपल्याकडं पोरी येतो-जातोच म्हणतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

पिंजरा झुडपाच्या बुडात ठेवायचा, लुगडं काढायचं, भोवतीनं बारीक दोऱ्याचे फास मांडायचे आणि आपण दगडाआड पालथं पडायचं. थोड्या वेळानं पिंजऱ्यातला आपला पाळलेला नर मान ताणून ओरडायला लागायचा. माळावरच्या नराला वाटायचं, कुणी परका आपल्या जागेत घुसलाय. तो लांबनं उत्तर द्यायचा, मग जवळनं, मग झुडपातनं पळतच यायचा, मान फुगवून, भांडायला. आणि फासात पाय. कायद्यानं हे सगळं तेव्हाही बंद होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि आईला तर चांगलंच ठाऊक होतं. घरातल्या चुलीवर ती ते कधी शिजवू द्यायची नाही. मसाल्याचा डबा परसात तुमच्या पुढ्यात आणून ठेवायची आणि म्हणायची, "येवढ्याशा जिवात काय हाय खायला?" तुम्ही हसायचात. तुम्हाला खाण्याचं फार नव्हतंच. तो पळत येतो ते बघायचं असायचं. "मर्दाचा बच्चा हाय," असं तुम्ही कुजबुजायचात तेव्हा तुमचे डोळे लहान मुलासारखे व्हायचे, आणि मला तुम्ही त्या क्षणी फार आवडायचात. त्या पाखराचं पुढं काय होणार हे माहीत असूनही आवडायचात.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास माळ गप्प झाला. पिंजऱ्यातला ओरडून ओरडून दमायचा आणि उत्तर यायचं नाही. तुमच्याबरोबर कधीमधी येणारे कारखान्यातले दोघं म्हणाले, "संपली पाखरं," आणि यायचे बंद झाले. तुम्हाला ते पटलं नव्हतं. तुम्ही मला झुडपाखालच्या मातीत बोट फिरवून दाखवलंत. पाखरं धुळीत लोळल्याचे खळगे होते, ताजी विष्ठा होती. मग मी शेवटच्या वर्षाला असताना एकदा आपण दोघांनी ते बघितलं. पिंजऱ्यातला ओरडत होता आणि जरा खालच्या अंगाला एक नर घायपाताच्या कडेनं, मान खाली घालून, एक शब्द न काढता चालत दूर निघाला होता. तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. फास मांडायचं विसरूनच आपण त्याच्याकडं बघत राहिलो.

"हुशार झाल्यात," तुम्ही परतताना म्हणालात. "शिकल्यात."

त्याच महिन्यात आमच्या बाई वर्गात निवडीबद्दल शिकवत होत्या. निसर्ग कुणाला ठेवतो, कुणाला काढतो, आणि माणूस निवडायला लागला की काय होतं. माझ्या डोळ्यांपुढं सारखा तो खाली मान घालून चाललेला नर येत होता. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसला होता, आई भाकरी थापत होती, आणि मला दम निघाला नाही.

"आण्णा, ती शिकली न्हाईत," मी म्हणाले. "जी ओरडत हुती, पळत येत हुती, ती समदी तुमी धरली. दरसाल. गप बसणारी मागं राहिली. त्यांचीच अंडी, त्यांचीच पिल्लं. मग माळ गपच हुणार की."

"असं कुटं आसतंय व्हय? पाखरू शिकतंय. फासातनं एकदा सुटलं की जल्मात परत येत न्हाय. डुकरांचं बघ. माझ्या लहानपणी दिसाढवळ्या उसात दिसायची. बंदुका वाजाय लागल्या, तशी रातची फिराय लागली. ती काय पोटातनं शिकून आली?"

"काही शिकली असतील. पण जी दिसा फिरत हुती ती मेली बी असतील की. आणि तित्तराचं तर तुमी सोता बघितलंय. धीट तेवढा निवडून काढलाय तुमी."

आई म्हणाली, "जेवताना नको." पण ते उशिरा झालं. तुम्ही ताटातली भाकरी तशीच ठेवून हात धुतलात आणि बाहेर गेलात. रागावला असतात तर आवाज चढला असता. तुमचा आवाज चढला नाही. आईनं तुमचं ताट झाकून ठेवलं. माझ्याकडं बघून ती एवढंच म्हणाली, "खरं असंल तर आणिकच लागंल त्यास्नी."

पुढचे काही दिवस तुम्ही माझ्याशी बोलला ते कामापुरतं. मग एका सकाळी पिंजरा लुगड्यात गुंडाळून तुम्ही दारात उभे. "चल." मला वाटलं माळावर. तुम्ही मला कारखान्यामागच्या कुंपणात नेलंत. ती पडीक जमीन, बाभळी आणि सुकं गवत. तिथं राखणदार कुणाला पाऊल टाकू देत नसे, तुम्ही कामावरचे म्हणून आपल्याला सोडलं. त्या जागेत फास कुणी कधी मांडलेला नव्हता. तुम्हीही आणला नव्हता. पिंजरा ठेवलात, लुगडं ओढलंत, आणि आपण मागं सरतोय तोवर बाभळीतनं उत्तर आलं. आपला अजून गळा साफ करत होता तोच पलीकडचा नर उघड्यावर आला, पिंजऱ्याला धडक दिली, पंख आपटले, गोल फिरला, पुन्हा धडकला. आपण उभेच होतो. त्यानं आपल्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही पिंजऱ्यावर लुगडं टाकलंत. मग म्हणालात, "डोंगरात आधी असंच यायचं. अगदी असंच."

परत येताना स्कूटर ढकलत चाललो होतो, कारण तुम्हाला बोलायचं होतं. तुमचं म्हणणं अजून तेच होतं, की डोंगरातल्या आया पिल्लांना गप राहायला शिकवतात. माझं म्हणणं माझंच. तुम्ही थांबलात. "शिकवाय आईच नसली तर? आपली कोंबडी खुडूक बसलीया. तिच्याखाली दोनीकडची अंडी घालू. तिला काय, ती डोंगर बघितलेली न्हाय, कारखाना बघितलेला न्हाय." मी तुमच्याकडं बघतच राहिले. जन्मजात काय नि शिकलेलं काय हे कसं ओळखायचं, बाईंनी वर्गात ज्याला अर्धा तास घेतला, ते तुम्हाला बावड्याच्या रस्त्यावर स्कूटर ढकलताना सुचलं होतं. फक्त एक मी सांगितलं, की कुठलं पिल्लू कुठलं हे कळायला खूण पाहिजे. म्हणून अंड्यांवर आधीच खूण करायची, आणि पिल्लू कवचातनं निघालं की डोंगरातल्याच्या पायात तांबडा दोरा आणि कुंपणातल्याच्या पायात पांढरा, असं ठरलं.

अंडी तुम्हीच शोधून आणलीत, दोन्ही ठिकाणची, टोपीत कापूस घालून. मला हे अजूनही चमत्कारासारखं वाटतं की ज्या हातांनी इतके फास बांधले त्या हातांतनं एकही अंडं फुटलं नाही. कोंबडीनं कुरकुर न करता सगळी पोटाखाली घेतली. पिल्लं निघाली ती मातीच्या रंगाची, अंगठ्याएवढी, आणि निघाल्या निघाल्या पळणारी. आई, जी तित्तराला घरच्या चुलीजवळ येऊ देत नव्हती, ती कण्या बारीक करून त्यांच्यापुढं टाकायला लागली. परसाला तुम्ही जाळी मारलीत. ड्यूटीवरनं आलात की आधी परसात, मग चहा.

मी बघण्याची एकच रीत ठेवली होती. आई पत्र्याचं झाकण फरशीवर टाकायची, पिल्लं जिथं वाट मिळेल तिथं लपायची, आणि मग आधी कोण बाहेर येतं ते मी दारात बसून बघायची. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळी पांढऱ्या दोऱ्याची आधी यायची. तांबड्या दोऱ्याची कोंबडीच्या पंखाखाली, नाहीतर कोपऱ्यातल्या विटांमागं, इतकी गप बसायची की वाटावं गेलीच. त्या पिल्लांनी फास बघितला नव्हता. त्यांची आई त्याच बावड्याच्या परसातली कोंबडी होती. एका संध्याकाळी तुम्ही माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसलात. झाकण पडलं. पांढरी आली, दाणे टिपायला लागली. तांबडी आली नाहीत. चहा गार होईपर्यंत आली नाहीत.

"म्हंजे मी नुसती पाखरं न्हाय आणली डोंगरातनं," तुम्ही म्हणालात. "त्यांचा सोभाव आणला."

मी जिंकले होते आणि मला ते अजिबात नको होतं. तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला. तुम्ही तो थोपटलात, जणू समजूत माझीच काढायची होती.

फास तुम्ही दुसऱ्या दिवशी पाणी तापवायच्या चुलीत घातलेत. पिंजऱ्यातल्याला सोडता येत नव्हतं, बाहेर तो जगला नसता, म्हणून तो म्हातारा होऊन घरातच गेला. सकाळी ओरडून गल्ली उठवायचा, आणि शेजारी तुमच्या नावानं ओरडायचे. पिल्लं मोठी झाल्यावर आपण तांबड्या दोऱ्याची डोंगरात नि पांढऱ्याची कुंपणात, दोरे कापून सोडून आलो. मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कौतुक केलं आणि मग हळूच म्हणाल्या, एवढ्याशा पिल्लांवरनं काही सिद्ध होत नाही, पुन्हा करायला हवं, जास्त करायला हवं. मी पडलेल्या तोंडानं तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बाईंचं बरोबर हाय. त्यांना जास्ती पायजेत. मला येवढी पुरी हाईत."

त्याच वर्षी मला बघायला पुण्याकडची मंडळी आली. आत्यानं आदल्या दिवसापासून मला शिकवायला घेतलं होतं. आवाज खाली ठेव, विचारलं तेवढंच बोल, आणि "जातो" म्हणू नको, "जाते" म्हण. मी पोहे घेऊन गेले, बसले, जमिनीकडं बघितलं. मुलाच्या काकांनी विचारलं, कॉलेजात काय शिकता? मी म्हणाले, प्राणिशास्त्र. मग आत्याकडं बघून गप्प बसले. आणि तुम्ही, जे पाहुण्यांपुढं कधी दोन वाक्यं बोलत नव्हता, खुर्चीवर पुढं सरकलात.

"गप का? सांग की पावण्यांना तित्तराचं."

आत्यानं डोळे वटारले. "दादा, ते कशाला आत्ता?"

"बोलू दे तिला. आमच्या घरात ती बोलती."

मी बोलले. आधी चाचरत, मग हातवारे करत. झाकण, दोरे, कोंबडी, सगळं. शेवटी उठताना तोंडातनं "येतो" निघून गेलं. त्या मंडळींचा निरोप कधी आला नाही. आत्या महिनाभर तुमच्याशी बोलली नाही. आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात युनिव्हर्सिटीतनं एमएस्सीचा अर्ज आणून माझ्या उशाशी ठेवलात, त्यावर एक जुनी दुर्बीण. कुठनं मिळवलीत ते सांगितलं नाहीत. एका बाजूची काच जरा धुरकट होती. ती मी अजून वापरते, एक डोळा मिटून.

एमएस्सी झाल्यावर पेढे तुम्ही कारखान्यात स्वतः वाटलेत. पुढच्या हंगामात, ऐन गळितात, कामावरच तुमच्या छातीत कळ आली. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तुम्ही शुद्धीवर होता. तुमच्या कपड्यांना तोच मळीचा वास. "जेवलीस काय?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणाले. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. फार साधं होतं, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही.

तर गेल्या रविवारी. माळाखाली आता घरं आली आहेत, पण वरचा उतार तसाच आहे. फास मांडणारे फारसे उरले नाहीत. तरण्या पोरांना त्यात गोडी नाही, आणि भीतीही वाटते. मी मुलांना सांगितलं, की तुमचं आणि माझं दोघांचंही बरोबर होतं. पाखरं शिकतात, डुकरं शिकतात, ज्या रानात बंदूक वाजते तिथली जनावरं लांबनंच पळायला लागतात. आणि शिकण्याच्या आधीच धीट ती मारली जातात, मागं राहतात त्यांचीच वीण वाढते. दोन्ही एकाच वेळी चालतं आणि एकातनं दुसरं वेगळं काढणं फार अवघड असतं. हेही सांगितलं, की गप बसण्याचीही किंमत असते. जो नर ओरडत नाही त्याला जागा राखता येत नाही, जोडीदारीण लवकर मिळत नाही. म्हणून फास थांबले की आवाज परत येऊ शकतो, पण तो यायला पिढ्या जातात, माणसाच्या घाईनं येत नाही.

आम्ही बराच वेळ बसलो. खालच्या अंगानं एक तित्तर ओरडला. एकदाच, जरा अडखळत. पलीकडच्या ओढ्याकडनं दुसऱ्यानं उत्तर दिलं. जवळ कुणी आलं नाही. मुलांना ते काही विशेष वाटलं नाही, आणि मी दुर्बीण डोळ्याला लावून बसले, कारण तोंड झाकायला तेवढंच होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती बावड्याच्या त्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून वाटाणे सोलत होती. तिला आनंद झाला. म्हणाली, "तुजं आण्णा लई जीव लावायचं त्या पिल्लांना. तू कालेजला गेलीस की परसात जाऊन बसायचं. वाळवी खणून आणायचं नि तळहातावर घिऊन बसायचं. ती पांढऱ्या दोऱ्याची तर हातावर चढायची बघ."

माझा हात वाटाण्यात तसाच राहिला. हे मला माहीत नव्हतं. आण्णा, ज्या पिल्लाला रोज माणसाच्या हातनं घास मिळतो ते झाकण पडल्यावर आधी बाहेर येणारच, ते कुठल्या का अंड्यातनं निघालेलं असेना. मग मी उंबऱ्यावर बसून जे बघत होते ते काय होतं? तुम्ही हात फक्त पांढऱ्यांपुढं धरलात का? का धरलात? पोरीचं म्हणणं खरं ठरावं म्हणून? की हात दोघांपुढंही धरलात, आणि तांबडी आलीच नाहीत? दुसरं असेल तर सगळं जागच्या जागी राहतं. पहिलं असेल तर माझ्या सगळ्या शिक्षणाच्या बुडाशी तुमची लबाडी आहे. आईला ते नक्की आठवत असणार. तिला अशा गोष्टी आठवतात.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," मी म्हणाले, आणि पुढची शेंग घेतली.

राग यायला हवा होता, असं मी दोन दिवस स्वतःला सांगतेय. तो येत नाही. तुम्ही लबाडी केली असेल तर ती कशी केली असेल, हे मात्र डोळ्यांपुढं सारखं येतं. रिकामं परस, तुम्ही उकिडवे बसलेले, हातावर वाळवी, आणि आतल्या खोलीकडं एक डोळा, की पोरगी परत तर आली नाही. हे कुणाला पाठवायचं नाही म्हणून लिहिता येतंय. वर्गात मी मुलांना सांगते, ज्या प्रश्नाची भीती वाटते तो आधी विचारा. आई आत्ता आत भांडी लावते आहे, मी हाक मारली तर ऐकू जाईल. मी अजून विचारलेलं नाही.